नावाचा अर्थ कुठे असतो?
आयर्लंडमधील मुलींची पारंपरिक नावे : एक अभ्यास



स्नानसंस्काराची नोंद करायला येणाऱ्या तरुण आईवडिलांच्या ओठांवर हल्ली 'कियारा' हे नाव पुष्कळदा असते. ह्या नावाचा अर्थ विचारला तर कुणी 'प्रकाश' म्हणतात, कुणी 'सावळी' म्हणतात. गंमत अशी की दोघांचेही बरोबर असते. इटालियन भाषेत कियारा म्हणजे उजळ, स्वच्छ. असिसीच्या संत क्लारा ह्यांचे मूळ नाव हेच. आयरिश भाषेतले ह्याच्या जवळचे नाव मात्र 'कियर', म्हणजे काळा किंवा गडद, ह्या शब्दापासून आलेले आहे. त्याही नावाची एक संत आहे. सातव्या शतकात आयर्लंडच्या टिपरेरी परगण्यात ती मठवासी जीवन जगली. उच्चार जवळजवळ एक, अर्थ एकमेकांच्या उलट, आणि दोन्हीकडे संत! मग नावाचा अर्थ नेमका कुठे असतो? शब्दकोशात, की आणखी कुठे?

ह्या प्रश्नाचे उत्तर शोधायला आयर्लंडसारखा दुसरा चांगला देश सापडणे कठीण. तिथल्या मुलींच्या नावांत भाषा, भक्ती, गुलामी आणि स्वाभिमान ह्या सर्वांचा इतिहास साठलेला आहे. आज आपण ती नावे थोडी जवळून पाहू या.

शब्दाचा अर्थ आणि माणसाचा अर्थ

इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल ह्यांनी १८४३ साली प्रसिद्ध केलेल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथात ह्याच प्रश्नाचा विचार केला आहे. त्यांच्या मते विशेषनाम ही केवळ एक खूण असते. ते कुणाकडे तरी बोट दाखवते, पण त्या व्यक्तीच्या गुणांविषयी काहीच सांगत नाही. त्यांनी डार्टमथ गावाचे उदाहरण दिले. डार्ट नदीच्या मुखाशी वसले म्हणून ते डार्टमथ. उद्या नदीचा प्रवाह बदलला आणि मुख दूर गेले, तरी गावाचे नाव काही बदलणार नाही.

मिल ह्यांचे अर्धे म्हणणे आपल्याला पटते. सुशीला नावाची बाई भांडखोर असू शकते. परंतु 'केवळ खूण' म्हणून विषय संपत नाही. आई आपल्या मुलीला स्वतःच्या आईचे नाव देते, तेव्हा ती नुसती खूण करत नसते. एका माणसाचे आयुष्य ती दुसऱ्याच्या हाती सोपवत असते. म्हणजे नावाला दोन अर्थ असतात : एक शब्दाचा, दुसरा ते नाव वागवणाऱ्या माणसांचा. पहिला शब्दकोशात मिळतो. दुसरा आठवणीत राहतो, आणि आठवण पुसली की तोही पुसला जातो.

भाषेच्या कुशीतली नावे

आयरिश ही इंग्रजीची बोली नव्हे. ती केल्टिक कुळातली स्वतंत्र आणि फार जुनी भाषा आहे. तिची नावे रोमन लिपीत वाचताना जीभ अडखळते, कारण 'बी' किंवा 'एम' ह्या अक्षरापुढे 'एच' आला की त्याचा उच्चार बहुधा 'व'सारखा होतो. आपल्या देवनागरीत मात्र ती सरळ लिहिता येतात.

नीव म्हणजे तेज, झळाळी. जुन्या कथेत ही चिरतारुण्याच्या देशाची राजकन्या आहे. ओर्ला म्हणजे सोन्यासारखी राजकन्या. रोशीन म्हणजे लहानसे गुलाबाचे फूल. फिनूला म्हणजे गोऱ्या खांद्यांची. ईफा हे नाव सौंदर्य आणि तेज ह्या अर्थाच्या शब्दाशी जोडतात.

आता ह्यातली शेवटची दोन नावे एकाच कथेत कशी येतात ते पाहा. लीर राजाच्या चार मुलांना त्यांची सावत्र आई मत्सरापोटी शाप देऊन हंस बनवते. नऊशे वर्षे ती भावंडे थंडीवाऱ्यात तीन वेगवेगळ्या पाण्यांवर काढतात. थोरली बहीण फिनूला वादळी रात्री तिन्ही भावांना आपल्या पंखांखाली घेते. शेवटी ख्रिस्ती मठाच्या घंटेचा नाद कानी पडतो तेव्हा त्यांची सुटका होते. ह्या कथेतल्या दुष्ट सावत्र आईचे नाव काय? ईफा! शब्दाचा अर्थ सुंदर, पण कृती काळी. उलट 'गोरे खांदे' एवढाच साधा अर्थ असलेली फिनूला आयरिश माणसाच्या मनात थोरल्या बहिणीच्या मायेचे दुसरे नाव झाली. अर्थ शब्दाने दिला नाही, पंखांनी दिला.

बाहेरून आलेली, पण घरची झालेली नावे

सर्वच आयरिश नावे मूळची आयरिश नाहीत. ११६९ साली नॉर्मन लोक आयर्लंडमध्ये उतरले. त्यांच्याबरोबर त्यांची फ्रेंच वळणाची ख्रिस्ती नावे आली आणि आयरिश जिभेने ती आपलीशी केली. कॅथरिनचे कॅटलीन झाले, त्याचेच पुढे इंग्रजीत कॅथलीन. मार्गारेटचे मरेड झाले, ज्याचा मूळ अर्थ मोती. होनोराचे नोरा आणि लाडाने नोरीन. ॲव्हलीनचे आयलीन. सिसिलियाचे शीला.

ही यादी वाचताना तुम्हाला तुमच्या आत्या, मावश्या, शिक्षिका आठवल्या असतील. आयलीन, नोरीन, मॉरीन, कॅथलीन, शीला ही नावे मुंबई, वसई आणि गोव्याच्या ख्रिस्ती घरांत दोन-तीन पिढ्यांपूर्वी सर्रास होती. इंग्रजी भाषेतून आणि इंग्रजी शाळांतून ती आपल्याकडे आली. भारतात अशा शाळा सुरू करणाऱ्यांत आयरिश धर्मभगिनीही होत्या. लोरेटो संस्थेच्या भगिनी १८४१ च्या अखेरीस कोलकात्याला पोहोचल्या, तर प्रेझेंटेशन संस्थेच्या भगिनी १८४२ मध्ये चेन्नईला. ही नावे 'इंग्रजी' आहेत असे आपण समजत आलो, पण त्यांचे माहेर आयर्लंड आहे.

त्यात शीला हे नाव तर फारच विलक्षण. आयरिश शीला ही संगीताची आश्रयदाती संत सिसिलिया. आपली शीला म्हणजे शीलवती. दोन नावांचा परस्परांशी काही संबंध नाही. एक लॅटिनमधून आले, दुसरे संस्कृतमधून. पण आपल्या समाजातल्या एखाद्या शीलाबाईंना विचारा, त्यांना दोन्ही वारसे लाभलेले आहेत.

नॉर्मन लोकांनी दिलेली आणखी दोन नावे : शिवॉन आणि शिनेड. दोन्ही योहान ह्या नावाची स्त्रीरूपे. योहान म्हणजे परमेश्वर कृपाळू आहे. लूकच्या शुभवर्तमानात (१:५७-६६) बाळाचे नाव ठेवण्याचा प्रसंग आठवा. नातेवाईक वडिलांचेच नाव ठेवायला निघालेले असतात. एलिझाबेथ ठामपणे नकार देते, आणि मुका झालेला जखऱ्या पाटी मागवून 'योहान' असे लिहितो. घराण्याच्या अभिमानापेक्षा देवाच्या कृपेची आठवण त्या दांपत्याला मोठी वाटली. डब्लिनच्या रस्त्यावर कुणी आपल्या मुलीला 'शिवॉन' म्हणून हाक मारते, तेव्हा तेच जुने नाव पुन्हा उच्चारले जाते.

जे नाव मुलींना दिले नाही

आता आयर्लंडच्या नावांमधली सर्वात हृद्य गोष्ट. हा इतका मरियाभक्त देश, पण कित्येक शतके तिथे मुलींना मरियेचे नाव ठेवत नसत! कारण अनास्था नव्हे, आदर. आयरिश भाषेत प्रभूच्या मातेचे नाव 'मुइरे'. हे नाव इतके पवित्र मानले गेले की दुसऱ्या कुणी ते धारण करावे असे कुणाला वाटेना. मग लोकांनी वाट काढली. 'मुइरे'च्या आधी 'मेल' हा शब्द लावला. त्याचा मूळ अर्थ मुंडण केलेला, म्हणजेच सेवेला वाहून घेतलेला. 'मेल मुइरे' म्हणजे मरियेची सेविका किंवा सेवक. इ. स. ९१३ मध्ये निधन पावलेल्या एका राणीचे नाव हेच होते. ती स्कॉटलंडच्या केनेथ मॅकअल्पिन राजाची मुलगी आणि आयर्लंडमध्ये दिलेली सून.

पुढे सतराव्या शतकाच्या सुमारास मरिया हे नाव मुलींना देण्याची रीत रुजली. पण तेव्हाही 'मुइरे' हे रूप कुणी घेतले नाही. मुलींसाठी 'मॉइरे' असे निराळे रूप वापरात आले. लाडाने मॉइरीन, म्हणजेच आपली मॉरीन. आजही आयरिश बोलणारा माणूस 'मुइरे' म्हणतो तेव्हा त्याला एकच स्त्री अभिप्रेत असते. त्यांच्या रोजच्या नमस्कारातही ती आहे. एकाने 'देव तुझ्यासोबत असो' अशा अर्थाचे अभिवादन केले, की दुसरा 'देव आणि मरिया तुझ्यासोबत असोत' असे उत्तर देतो.

शब्दकोश पाहिला तर मुइरे आणि मॉइरे ह्यांचा अर्थ एकच. लोकांच्या मनात मात्र त्यांत आकाशपाताळाचे अंतर आहे. नावाचा खरा अर्थ मनात असतो, ह्याला ह्याहून चांगला पुरावा कोणता?

संतांनी अर्थ दिलेली नावे

ब्रीड किंवा ब्रिजिट : ह्या नावाच्या मुळाशी उंची, सामर्थ्य हा भाव आहे. ख्रिस्ती धर्म येण्यापूर्वी हे एका देवतेचे नाव होते. कविता, रोगनिवारण आणि लोहारकाम तिच्याकडे असल्याचे जुन्या आयरिश लेखनात नमूद आहे. पाचव्या-सहाव्या शतकात संत ब्रिजिट होऊन गेली. परंपरा सांगते की तिची आई गुलाम होती. बापाची रत्नजडित तलवार तिने एका गरिबाला देऊन टाकली, अशीही कथा आहे. किल्डेर येथे तिने स्त्रीपुरुषांचा मोठा मठ उभारला. किल्डेर म्हणजे ओक वृक्षाचे मंदिर. तिचा सण १ फेब्रुवारीला येतो. त्या दिवशी लव्हाळ्याच्या काड्या विणून केलेला क्रूस घरोघरी लावतात. २०२३ पासून तिच्या नावाने आयर्लंडमध्ये सार्वजनिक सुट्टी दिली जाते. देवतेचे नाव एका गुलाम आईच्या मुलीला मिळाले आणि गरिबांची कैवारी म्हणून ते घराघरांत गेले.

ईडा किंवा ईटा : हे नाव तहान ह्या अर्थाच्या शब्दाशी जोडले जाते. ती देवाची तहान, असे तिच्या चरित्रकारांनी म्हटले. सहाव्या शतकात लिमरिक परगण्यात तिने मठ चालवला. त्या गावाचे किलीडी हे नाव म्हणजे 'ईडाचे मंदिर'. तिच्या हाताखाली मुले शिकली म्हणून तिला आयर्लंडच्या संतांची पालक माता म्हणतात. समुद्रप्रवासी संत ब्रेंडन हा त्यांतलाच एक.

गॉबनेट : ह्या नावात लोहार ह्या अर्थाचा शब्द आहे. कॉर्क परगण्यातील बालीवुर्नीची ही संत मधमाश्यांची आश्रयदाती. गुरे चोरायला आलेल्यांवर तिने आपल्या मधमाश्या सोडल्या, अशी कथा शेतकरी आवडीने सांगतात. तिचा सण ११ फेब्रुवारीला असतो. लुर्डमातेचा सणही त्याच दिवशी.

डिम्फ्ना : हे नाव आयरिश 'डावनित'शी जोडतात. अर्थ, हरिणाचे पाडस. परंपरेनुसार ही राजकन्या वेडाच्या भरात गेलेल्या बापापासून पळून आजच्या बेल्जियममधील गील येथे पोहोचली आणि तिथेच मारली गेली. तिच्या कबरीकडे मनोरुग्णांना आणले जाऊ लागले. जागा अपुरी पडली तेव्हा गावकऱ्यांनी त्यांना आपल्या घरांत ठेवून घेतले. ही रीत मध्ययुगापासून आजवर टिकून आहे. १९३० च्या दशकात गीलच्या घरांत राहणाऱ्या रुग्णांची संख्या साडेतीन हजारांवर गेली होती. एका घाबरलेल्या पाडसाचे नाव शेकडो वर्षे मनोरुग्णांचा आसरा झाले.

नाव लपवावे लागते तेव्हा

पण ह्या कहाणीला दुखरी बाजूही आहे. १८३१ पासून आयर्लंडमध्ये सरकारी 'राष्ट्रीय शाळा' सुरू झाल्या. त्यांचे माध्यम इंग्रजी होते. १८४५ ते १८५२ ह्या काळात बटाट्याचे पीक कुजून भीषण दुष्काळ पडला. सुमारे दहा लाख माणसे मेली आणि तितकीच किंवा त्याहून अधिक देश सोडून गेली. ज्या भागांत आयरिश बोलली जाई तेच भाग सर्वाधिक उजाड झाले. आयरिश म्हणजे गरिबीची भाषा, इंग्रजी म्हणजे पोटाची भाषा, हे लोकांच्या मनावर बिंबले.

त्याबरोबर नावेही बदलली. घरी शिवॉन असलेली मुलगी कागदावर जोहाना, ज्युलिया किंवा ज्युडिथ झाली. गॉबनेट हे नाव डेबोरा किंवा अबिगेल होऊन गेले. डेबोराचा हिब्रू अर्थ मधमाशी, एवढाच काय तो धागा उरला. चर्चच्या नोंदवह्याही लॅटिन किंवा इंग्रजीत लिहिल्या जात. म्हणजे आईने मारलेली हाक चर्चच्या कागदावरही उतरली नाही. आज आपल्या पणजीचा शोध घेणाऱ्या आयरिश माणसाला ती नोंदवहीत सापडते, पण तिला घरी कोण कोणत्या नावाने हाक मारी ते कळत नाही.

सर्वात अधिक हाल ब्रिजिट ह्या नावाचे झाले. अमेरिकेत गेलेल्या असंख्य आयरिश मुली श्रीमंतांच्या घरी मोलकरीण म्हणून राबत. त्यांच्यात ब्रिजिट इतक्या होत्या, की त्याचे लघुरूप 'बिडी' हे मोलकरणीसाठी थट्टेचे सामान्यनाम झाले. व्यंगचित्रांत बिडी ही अडाणी, आडदांड बाई म्हणून दाखवली जाई. मग पुष्कळ ब्रिजिटांनी आपले नाव बदलले आणि आपल्या मुलींना ते दिले नाही. ज्या नावाने एके काळी गरिबांना आसरा दिला, ते नाव गरिबीमुळेच लाजिरवाणे ठरले! शब्दाचा अर्थ तसाच होता. माणसांची नजर बदलली होती.

नावे परत येतात

१८९३ साली आयरिश भाषेच्या पुनरुज्जीवनासाठी गेलिक लीग ही संस्था स्थापन झाली आणि लोक आपली जुनी नावे पुन्हा अभिमानाने लावू लागले. ह्या कामात एका धर्मगुरूंचाही मोठा वाटा आहे. लिमरिक धर्मप्रांतातील फादर पॅट्रिक वूल्फ ह्यांनी आयरिश नावांचा आणि आडनावांचा कष्टाने अभ्यास केला. मुलांसाठी आयरिश नावांचे त्यांचे पुस्तक १९२३ मध्ये प्रसिद्ध झाले. स्वातंत्र्याच्या त्याच काळात सीर्शा हे नाव रूढ होऊ लागले. सीर्शा म्हणजे स्वातंत्र्य. हे नाव कुठल्याही संताचे नव्हे, एका राष्ट्राच्या इच्छेचे आहे.

२०२१ साली आयर्लंडमध्ये जन्मलेल्या मुलींच्या नावांत 'फीया' हे नाव सरकारी आकडेवारीनुसार पहिल्या क्रमांकावर होते. अर्थ, रानातले, हरिणासारखे. जुन्या डावनितच्या नावातही हरीणच होते. ज्या भाषेतली नावे पणजीला लपवावी लागली, त्याच भाषेतले नाव आता पणतीला दिले जाते.

आपल्यासाठी बोध

ख्रिस्तसभेचा नियम इथे समजून घेण्यासारखा आहे. १९१७ च्या धर्मसंहितेप्रमाणे मुलाला ख्रिस्ती नाव दिले जाईल ह्याची काळजी धर्मगुरूने घ्यावी, आणि पालकांनी ऐकले नाही तर संताचे नाव जोडून दोन्हींची नोंद करावी, असे होते. १९८३ च्या संहितेतील ८५५ वे कलम एवढेच सांगते, की ख्रिस्ती भावनेला परके असे नाव ठेवले जाऊ नये. म्हणजे तेज, फूल, स्वातंत्र्य अशा अर्थाची नावे चालतात, आणि आपल्या मातृभाषेतली नावेही चालतात. नियम सैल झाला तशी पालकांची जबाबदारी वाढली.

म्हणून नावांच्या याद्या चाळताना केवळ 'अर्थ गोड आहे का' एवढेच पाहू नका. हे नाव कुणी वागवले, तेही पाहा. संताचे नाव असेल तर त्या संताची गोष्ट मुलीला सांगा. आजीचे असेल तर आजीची सांगा. नाव अगदी नवे असेल तर त्याला अर्थ देण्याचे काम तुमची मुलगी करणार आहे, आणि तिला त्यासाठी तुमची साथ लागेल. घरात एखादी ब्रिजिट किंवा नोरीन आजी असेल तर तिच्या 'जुनाट' नावाला हसू नका. त्या नावाने किती घरे सांभाळली आहेत ते तिलाच विचारा.

पुनरुत्थानाच्या सकाळी मरिया माग्दालियाने प्रभूला पाहिले, पण ओळखले नाही. तिला तो माळी वाटला. त्याने तिला नावाने हाक मारली, तेव्हा तिने ओळखले (योहान २०:११-१८). मरिया हे नाव तेव्हा यहुदी समाजात घरोघरी होते. तरी त्या हाकेत ती एकटीच होती. शब्दकोश जे सांगू शकत नाही ते त्या हाकेने सांगितले.

चिंतनासाठी

१. मला माझे नाव कुणी दिले आणि का दिले? हयात असलेल्यांना मी कधी विचारले आहे का?
२. माझ्या नावाच्या संताविषयी, किंवा ज्यांच्यावरून माझे नाव ठेवले त्यांच्याविषयी, मी मुलांना दोन गोष्टी सांगू शकतो/शकते का?
३. कुणाच्या नावाची, भाषेची किंवा उच्चारांची आपण घरात थट्टा करतो का?

ह्या आठवड्यात घरातल्या सर्वात वयस्कर व्यक्तीला तिच्या नावाची गोष्ट विचारा आणि ती कुटुंबाच्या वहीत लिहून ठेवा. घरी मारली जाणारी हाकही त्या वहीत लिहायला विसरू नका.